कोरसचा खर्च कोणी करायचा?

इंग्रजी वाङ्मय घेऊन पदव्युत्तर परीक्षेला बसणाऱ्या गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थ्याला 'कॅथार्सिस' म्हणजे काय हे सांगता येते. करुणा आणि भीती या भावनांचे विरेचन, नायकाच्या हातून घडणारा प्रमाद, कथानकातील कलाटणी, अभिज्ञान ही सारी सामग्री एका पिढीच्या टिपणवहीतून दुसऱ्या पिढीच्या टिपणवहीत उतरत आली आहे. तोही ती उतरवून घेतो, उत्तरपत्रिकेत मांडतो आणि निकालानंतर विसरतो. हाच विद्यार्थी दिवाळीनंतर अर्जुनी मोरगाव किंवा देवरी तालुक्यातील आपल्या गावी जातो, मंडईच्या दिवशी दंडार पाहतो, आणि धान निघून गेलेल्या बांधीत उभारलेल्या मंडपात तणसीवर बसून पहाट होईपर्यंत नाटक पाहतो. आपण वर्गात जे शिकलो आणि रात्री जे पाहिले, त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. दोष त्याचा नाही. तो संबंध दिसू नये अशीच अभ्यासाची रचना आहे.

ही केवळ अध्यापनातील हयगय असती, तर तिची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ग्रीक नाटकाचा अभ्यास महाराष्ट्रात ज्या रीतीने केला जातो, त्या रीतीत एक निवड दडलेली आहे. संहिता जवळ ठेवायची आणि संस्था टाकून द्यायची, ही ती निवड. नायक कोणत्या दोषामुळे पडला, हे विचारायचे. मात्र नाटकाचा खर्च कोणी उचलला, प्रेक्षागारात कोण बसले होते, गाणारे-नाचणारे कोण होते आणि उत्सव संपल्यावर हिशेब कोणापुढे मांडला गेला, हे विचारायचे नाही. कारण उघड आहे. हे प्रश्न अथेन्सविषयी एकदा विचारले की ते गोंदियाविषयीही विचारावे लागतात, आणि तिथे उत्तरे देण्याची पाळी मंत्रालयावर, विद्यापीठावर आणि जिल्ह्यातील धनिकांवर येते.

अथेन्समध्ये वसंत ऋतूत डिओनिससचा जो मोठा उत्सव होत असे, त्याची व्यवस्था मुळातून पाहण्याजोगी आहे. नगराच्या दहा जमातींपैकी प्रत्येकीने पन्नास पुरुषांचा आणि पन्नास मुलांचा असे दोन गायकवृंद उभे करायचे. म्हणजे केवळ या समूहगीतांसाठीच दरवर्षी हजार नागरिक गाण्या-नाचण्याची तालीम करीत. त्यांखेरीज शोकात्मिकेच्या कोरसमध्ये आरंभी बारा आणि पुढे पंधरा जण, सुखात्मिकेच्या कोरसमध्ये चोवीस. हे धंदेवाईक कलावंत नव्हते. शेतकरी, कारागीर, व्यापारी असे नगराचे नागरिकच होते, आणि तालमीच्या काळात त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळत असे. प्रेक्षकांत बसलेला माणूस आज प्रेक्षक असला तरी मागच्या वर्षी कोरसमध्ये नाचलेला असण्याचा संभव मोठा होता. असल्या प्रेक्षकापुढे लिहिणे म्हणजे काय, याचा विचार ॲरिस्टॉटलवरच्या पंधरा गुणांच्या प्रश्नात येत नाही.

खर्चाचा प्रश्न तर त्याहून बोलका आहे. कवीला कोरस मंजूर करण्याचा अधिकार नगराच्या अधिकाऱ्याचा, आर्कनचा, असे. नटांचे वेतन नगर देई. परंतु कोरसची तालीम, वेश आणि तालमीच्या काळातील जेवण यांचा भार एखाद्या धनवान नागरिकावर टाकला जाई. त्याला 'कोरेगॉस' म्हणत. हे दान नव्हते. धनिकांच्या सत्कार-समारंभात ज्याला 'उदार आश्रय' म्हणण्याची प्रथा आहे, तेही हे नव्हते. ते कर्तव्य होते आणि ते कायद्याने लादलेले होते. आपल्यापेक्षा अमुक गृहस्थ अधिक श्रीमंत असूनही सुटला, अशी एखाद्याची तक्रार असेल, तर त्याला त्या गृहस्थाला आव्हान देता येई : एक तर हा भार तू उचल, नाही तर तुझी मालमत्ता मला दे आणि माझी तू घे! सांस्कृतिक कार्यासाठी धनिकांकडून पैसा काढण्याचा याहून रोखठोक उपाय नंतरच्या कोणत्याही लोकशाहीला सुचलेला नाही. भाताच्या गिरण्यांच्या आणि कंत्राटांच्या जोरावर मोठी झालेली घराणी गोंदियात कमी नाहीत. नाटकाच्या मंडपावर आपल्या नावाचा फलक लावून पहिल्या रांगेत हार घालून घेणे एवढीच त्यांच्या कर्तव्याची कल्पना असेल, तर त्यांच्यापुढे अथेन्सचा हा नियम जाहीरपणे वाचून दाखविण्यास हरकत नाही.

गरिबाचे काय? नाटकाच्या आसनाला दोन ओबोल पडत. न्यायालयात ज्युरी म्हणून बसणाऱ्याला दिवसाचे तीन ओबोल मिळत, यावरून हा दर अल्प नव्हता हे दिसेल. म्हणून पुढे 'थिओरिकॉन' नावाचा निधी स्थापण्यात आला आणि आसनाचे पैसे नागरिकाला नगराच्या तिजोरीतून मिळू लागले. इ.स.पू. चौथ्या शतकात हा पैसा युद्धाकडे वळवावा की नाही, यावर अथेन्समध्ये कडाक्याचे वाद झाले. युद्धाच्या बाजूने असलेल्या डेमॉस्थेनीसला तो निधी खुपत होता. डेमाडीझ या वक्त्याने मात्र त्याला लोकशाहीचा डिंक म्हटल्याचे प्लुटार्कने नोंदविले आहे. उत्सव संपला की त्याच प्रेक्षागारात नागरिकांची सभा भरे आणि उत्सवाच्या अधिकाऱ्यांचा कारभार नीट झाला की नाही, याची तिथे चौकशी होई. नाटक पाहणारे आणि नाटकाचा हिशेब तपासणारे लोक एकच होते.

तथापि गोंदियाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट नगरातील मोठ्या उत्सवाची नव्हेच. पाठ्यपुस्तके ज्याविषयी दोन ओळींपलीकडे जात नाहीत, तो ग्रामीण डिओनिसिया हा तिच्या जवळचा आहे. डिसेंबरच्या सुमारास अटिका प्रांतातील गावोगावी हा उत्सव होई. गावे आपापले कोरेगॉस नेमीत, चांगले काम करणाऱ्याचा सन्मान दगडावर कोरून ठेवीत, आणि फिरत्या नटमंडळींना बोलावून नाटके करवीत. थोरिकॉस या गावाचे प्रेक्षागार आजही पाहता येते. ते आखीव अर्धवर्तुळ नाही. टेकडीच्या उतारावर जागा मिळेल तसे ते वेडेवाकडे पसरलेले आहे, आणि ग्रीसमधील सर्वांत जुन्या दगडी प्रेक्षागारांत त्याची गणना होते. या गावोगावच्या नाटकांकडे नगरातील सभ्य लोक कोणत्या नजरेने पाहत, याचा पुरावाही उपलब्ध आहे. इ.स.पू. ३३० मध्ये डेमॉस्थेनीसने आपला प्रतिस्पर्धी इस्किनीस याची जी हेटाळणी केली, तीत हा माणूस खेड्यापाड्यांतील उत्सवांत दुय्यम-तिय्यम भूमिका करीत हिंडणारा नट होता, हा टोमणा त्याने पुन्हा पुन्हा मारला. झाडीपट्टीच्या नटाविषयी पुण्या-मुंबईच्या नाट्यवर्तुळांत जे कुत्सित हसू उमटते, ते इतके जुने आहे.

आता झाडीपट्टीकडे वळावे. वैनगंगेच्या खोऱ्यातील गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांचा हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख. गोंदिया हा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. येथे मराठीची झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, शिवाय बालाघाटकडून हिंदी आणि राजनांदगावकडून छत्तीसगढी येऊन मिळते. दिवाळी उलटली की गावोगावी मंडई भरते, पाहुणेरावळे येतात. मंडईत दंडार असते : वृंद गातो, नाचतो, मधूनच त्यातला एखादा पुढे येऊन सोंग घेतो आणि पुन्हा वृंदात मिसळतो. खडी गंमत उभ्याने चालते, आणि तीत स्त्रीची भूमिका पुरुष करतो. त्यानंतर धान हाती आले की होळीच्या आसपासपर्यंत तिकिटांच्या नाटकांचा हंगाम. या नाटकांच्या कंपन्यांचे केंद्र गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातले मंडळ कंपनीशी रक्कम ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते. नफा झाला तर मंडळाचा आणि तोटा आला तर तोही मंडळाचा. शंकरपटाच्या निमित्ताने जमणाऱ्या गर्दीचा या नाटकांना मोठा आधार असे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरेपर्यंतच्या वर्षांत पट कुठे बंद, कुठे रखडत, अशी स्थिती झाली. नाटक मात्र पटावाचूनही उभे राहिले. इतकी चिवट रंगभूमी महाराष्ट्रात दुसरी दाखविता येणार नाही.

थेस्पिस नावाच्या पुरुषाने कोरसमधून बाहेर पाऊल टाकून पहिला नट होण्याचा मान मिळविला, असे ग्रीक परंपरा सांगते आणि त्याचे वर्ष इ.स.पू. ५३४ च्या सुमाराचे देते. विद्यार्थी हे पाठ करतो. वृंदातून एक जण पुढे येऊन सोंग घेतो, ही घटना त्याच्या डोळ्यांपुढे दरवर्षी मंडईच्या मैदानावर घडते, तिला मात्र अभ्यासक्रमात स्थान नाही. मराठी नाटकाचा इतिहासही १८४३ मध्ये सांगलीला, विष्णुदास भावे यांच्या 'सीता स्वयंवर'पासून सुरू करण्याचा प्रघात आहे. राजाश्रय, संस्थान, लेखकाचे नाव आणि निश्चित तारीख एवढे असले म्हणजे इतिहास. दंडारीला यांपैकी काहीच नसल्यामुळे ती 'लोककला'! जोतीराव फुले यांचे १८५५ चे 'तृतीय रत्न' दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले आणि पुढे कित्येक दशके ते विस्मृतीत राहिले, ही गोष्ट याच प्रघाताची दुसरी बाजू होय. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी झाडीबोली आणि तिच्या लोकरंगभूमीच्या संशोधनात आयुष्य वेचले, म्हणून निदान काही नोंदी झाल्या. परंतु ते काम व्यक्तीच्या ध्यासातून झाले. विद्यापीठांनी आपण होऊन ते हाती घेतले असते तर आज चित्र निराळे असते.

येथे ॲरिस्टॉटलला न्याय दिला पाहिजे. विंदा करंदीकरांमुळे त्याचे 'काव्यशास्त्र' १९५७ पासून मराठीत आहे, त्यामुळे इंग्रजीची अडचण पुढे करता येत नाही. शोकात्मिकेचा परिणाम प्रयोगावाचून, केवळ संहितेनेही साधतो आणि दृश्य हे काव्याशी सर्वांत कमी संबंध असलेले अंग आहे, असे त्याने म्हटले, हे खरे. पंडितांना हे वाक्य फार सोयीचे पडले. त्याच्या आधारावर नाटक खुर्चीत बसून वाचायची वस्तू झाली. पण कोरसला नटांपैकीच एक मानावे, तो नाटकाच्या समग्रतेचा भाग असावा, असेही त्याच ग्रंथात आहे, त्याचा उच्चार सहसा होत नाही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी : ॲरिस्टॉटल अथेन्सचा नागरिक नव्हता. ज्या सभेत नाटकाचा हिशेब मागितला जाई, तीत बसण्याचा त्याला अधिकार नव्हता. त्याने नाटकाची संहिता पाहिली. नाटकाची सभा त्याच्या वाट्याला आली नाही.

तरीही अथेन्सची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्या रंगभूमीचा पैसा कुठून येत होता? थोरिकॉसच्या शेजारीच लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी होत्या आणि त्या गुलामांच्या श्रमावर चालत होत्या. ज्या गावाने इतके सुंदर वेडेवाकडे प्रेक्षागार बांधले, त्याच्या पायाखालच्या बोगद्यांत माणसे मरत होती. पाचव्या शतकात मित्रराज्यांकडून उकळलेली खंडणी उत्सवाच्या वेळी प्रेक्षागारात सर्वांसमोर मांडून दाखविली जाई. स्त्रीला रंगमंचावर स्थान नव्हते. तिला प्रेक्षकांत तरी बसू देत की नाही, यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. या कसोटीवर झाडीपट्टीचे नाटक अथेन्सपेक्षा स्वच्छ ठरते. त्याच्यामागे कोणाची खंडणी नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्याने, विडी वळणाऱ्या बाईने, रोवणी-कापणीच्या मजुरीवर जगणाऱ्याने तिकीट काढायचे, आणि त्या पैशावर नट, वादक, पडदेवाले या सर्वांनी पोट भरायचे. राज्याची सांस्कृतिक प्रतिष्ठा ज्यांच्यावर उधळली जाते ती शहरांतील सभागृहे सार्वजनिक पैशाने बांधलेली आणि सार्वजनिक पैशाने वातानुकूलित केलेली असतात. झाडीपट्टीतला मजूर आपल्या करातून त्या सभागृहांचा वाटा भरतो, आणि आपल्या गावच्या नाटकाचा खर्च पुन्हा खिशातून करतो. अथेन्सने धनिकाच्या खर्चाने गरिबाला नाटक दाखविले; महाराष्ट्राने गरिबाच्या खर्चाने धनिकाला दाखविले.

यावर अभिरुचिसंपन्न मंडळींचे उत्तर ठरलेले आहे. झाडीपट्टीची नाटके भडक असतात, रडारड फार, विनोद ओंगळ, गाणी-नाच पोटापुरते घुसडलेले. हे आक्षेप सर्वस्वी खोटे आहेत असे नव्हे. सोशीक सून आणि त्यागमूर्ती माता यांच्यावर चालणारी नाटके सरंजामी मूल्येच घट्ट करतात, आणि मालिका-चित्रपटांतल्या चेहऱ्यांसाठी मोठ्या रकमा मोजताना गावच्या नटाचा मोबदला घसरतो. त्याची चर्चा मंडळांनीच उघडपणे करायला हवी. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी ॲरिस्टोफेनीसच्या सुखात्मिकांत नटांच्या वेशावर काय काय लोंबत असे, हे एकदा पाहून घ्यावे. शोकात्मिकांच्या त्रयीनंतर सॅटरांचे जे उनाड नाटक होई, त्याचाही पाठ द्यावा. प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी नाटकाचे भवितव्य ठरू लागले, याचा प्लेटोला एवढा संताप आला की त्याने त्या अवस्थेला 'प्रेक्षकशाही' या अर्थाचे नावच देऊन टाकले. त्याचा राग नाटकावर होता की लोकशाहीवर, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. झाडीपट्टीवर नाक मुरडणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारता येईल.

दुसऱ्या टोकाला देशीपणाचा झेंडा घेतलेले लोक आहेत. त्यांच्या मते ग्रीक नाटक ही इंग्रजांनी लादलेली अडगळ आहे, ती फेकून द्यावी आणि आपले तेवढे जपावे. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. संस्कृत नाटकच ग्रीकांपासून आले, हे सिद्ध करण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी 'यवनिका' या शब्दापासून पुरावे गोळा केले. सरगुजातील रामगढच्या सीताबेंगा लेण्यातही पुढे ब्लॉख यांना ग्रीक धर्तीचे प्रेक्षागार दिसले. कुठलीही चांगली गोष्ट पश्चिमेकडूनच आली असली पाहिजे, हा तो रोग होता. दंडारीची तुलना ग्रीक कोरसशी करून तिला प्रतिष्ठा मिळवून देऊ पाहणारे आजचे हितचिंतकही त्याच रोगाचे सौम्य रोगी आहेत. दंडारीला अथेन्सच्या दाखल्याची गरज नाही. परंतु म्हणून सोफोक्लीस साहेबाच्या हवाली करून टाकावा, हे कुठले शहाणपण?

ग्रीक नाटक कोणाच्या हाती पडले त्याप्रमाणे त्याचे रूप पालटत गेले आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात डिओनिससच्या कलावंतांचे संघ निघाले आणि त्यांनी करमाफी, लष्करी सेवेतून सूट आणि निर्वेध प्रवासाचा हक्क राज्याराज्यांकडून पदरात पाडून घेतला. कामगार चळवळीच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचितच निघते. १५८५ मध्ये व्हिसेंझाच्या सरदार-विद्वानांनी आपले नवे ऑलिंपिक नाट्यगृह 'ईडिपस'ने उघडले. १८४१ मध्ये प्रशियाच्या राजाने पॉट्सडॅमला मेंडेल्सोनच्या संगीतासह 'अँटिगनी' करवून घेतली. हे ग्रीक नाटक दरबारी होते. मग १९४४ मध्ये नाझींच्या ताब्यातील पॅरिसमध्ये आनुईची 'अँटिगनी' उभी राहिली. तिच्या मराठी रूपाचा प्रयोग डॉ. श्रीराम लागू यांनी सत्तरच्या दशकात केला. १९७९ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणला. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी 'अँटिगनी' केली, तेव्हा नेल्सन मंडेलांच्या वाट्याला हुकूमशहा क्रिऑनची भूमिका आली होती. त्याच बेटावरच्या कैद्यांच्या नाट्यप्रयोगावर १९७३ मध्ये फुगार्ड, कानी आणि इंट्शोना यांचे 'द आयलंड' बेतले गेले. २०१३ मध्ये अम्मानला सीरियातून परागंदा झालेल्या स्त्रियांनी युरिपिडीसच्या 'ट्रोजन स्त्रिया' आपल्या कहाण्या गुंफून सादर केल्या. ही यादी वाचल्यावर अडगळ कोणती आणि हत्यार कोणते, हे कार्यकर्त्याला निराळे सांगावे लागू नये.

आणि 'अँटिगनी'चा विषय तरी काय आहे? राज्याने शत्रू ठरविलेल्या भावाच्या प्रेताला माती देण्याचा बहिणीचा हक्क. सालेकसा आणि देवरीच्या जंगलपट्टीने पोलीस आणि नक्षलवादी यांच्यातील संघर्षाची दशके पाहिली आहेत. दोन्ही बाजूंची प्रेते गावांनी पाहिली आहेत, आणि मेलेला मुलगा कोणाचा, हे उघडपणे सांगण्याचीही भीती पाहिली आहे. मुंबईच्या नाट्यगृहात जे नाटक अभिजात वाङ्मय म्हणून टाळ्या घेते, ते देवरीच्या बांधीत झाडीबोलीत किंवा गोंडीत झाले, तर त्याला तळटीपा लागणार नाहीत. 'ट्रोजन स्त्रिया'चेही तसेच. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणासाठी गाव सोडावे लागलेल्या बाईला, जळत्या नगराकडे वळून पाहणारी हेक्यूबा कोण, हे समजावून सांगण्याची गरज नाही. हे नाटक अद्याप का झाले नाही, याचे उत्तर झाडीपट्टीच्या प्रेक्षकांत शोधणे व्यर्थ आहे. विद्यापीठाच्या वर्गातून मंडईच्या मैदानापर्यंत रस्ताच बांधलेला नाही.

राज्यकर्त्यांनी काय केले, तेही पाहावे. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग केलेल्या नटाचा हा उचित गौरव होता आणि झाडीपट्टीला त्याचा आनंद झाला. पण पदकाने हंगाम चालत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या कंपन्यांतील माणसे दुसऱ्या दिवशीपासून उघडी पडली, कारण त्यांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा, ना हजेरीपट. २०२१ मध्ये शासनाने कलावंतांसाठी एकरकमी पाच हजार रुपयांचे साह्य जाहीर केले! वृद्ध कलावंतांच्या मानधनात तर राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी अ, ब, क प्रतवारी वर्षानुवर्षे चालली. म्हणजे ज्याने जन्मभर आपल्या जिल्ह्यात लोकांपुढे नाटक केले, त्याची भूक 'क' दर्जाची ठरे. २०२४ मध्ये ती प्रतवारी जाऊन सर्वांना दरमहा पाच हजार रुपये ठरले, हे बरेच झाले. पण हे मानधन पन्नाशी उलटल्यावरचे आहे, आणि प्रवासात, अपघातात किंवा आजारात तिशी-चाळिशीत कोसळणाऱ्याचे काय, हा प्रश्न जागच्या जागीच आहे. नाटकाच्या संहितेला मात्र अद्यापि मुंबईच्या परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. पैसा द्यायला राज्य दूर असते, शब्द तपासायला जवळ येते. 'सखाराम बाइंडर'साठी १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. वडशाच्या एखाद्या कंपनीने ती कशाच्या बळावर चढावी?

समाजवादी चळवळीलाही या बाबतीत हात झटकता येणार नाहीत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, दादा कोंडके अशी माणसे घडविली, आणि 'पुढारी पाहिजे' हा पु. ल. देशपांडे यांचा वग याच परंपरेतला. या वारशाचा अभिमान योग्यच आहे. पण गावात सभा असली की गर्दी जमविण्यापुरती दंडार बोलवायची, पुढाऱ्याची मोटार दिसली की ती अर्ध्यावर थांबवायची, आणि भाषण संपल्यावर वादकांच्या हातावर शे-दोनशे ठेवायचे, ही सवय सर्व पक्षांप्रमाणे पुरोगामी पक्षांनाही लागली आहे. कोरसला गप्प बसवून नायकाने एकट्याने बोलत राहायचे, हे ग्रीक नाटकातही ऱ्हासकाळाचेच लक्षण होते.

मागणी काय करायची, याविषयी संदिग्धता नको. शासकीय महोत्सवात दंडारीला पंधरा मिनिटे मिळावीत, ही मागणी नव्हे. तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या गावी ग्रामपंचायतीच्या मालकीची खुली रंगभूमी, तिच्यात वीज, पाणी आणि नट्यांसाठी कुलूप लागणाऱ्या स्वतंत्र खोल्या. हंगामापुरता का होईना, सर्व कलावंतांचा आणि पडदेवाल्यांचा विमा. प्रयोगाच्या निधीवर ग्रामसभेची देखरेख, पण नाटकाच्या निवडीवर कोणत्याही अधिकाऱ्याची नाही. आणि गोंदियाच्या महाविद्यालयांत 'काव्यशास्त्र' शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाच्या मंडईची आणि एका मंडळाच्या हिशेबाची नोंद करून ती परीक्षेसाठी सादर करणे. यांतले शेवटचे काम तर पैशावाचूनही होण्याजोगे आहे. प्राध्यापकांनी ठरविले की पुरे. बाकीच्यासाठी जिल्हा नियोजन समितीपुढे आकडे ठेवावे लागतील : किती गावांत किती प्रयोग होतात, मंडपाला किती लागते, कंपनीला किती जाते, तोटा कोण भरतो. हे आकडे कोणत्याही शासकीय अहवालात शोधण्यात वेळ दवडू नये. ते मंडळांच्या वह्यांत आहेत, आणि त्या पाहायच्या असतील तर दिवाळीपूर्वीच गावोगाव फिरले पाहिजे, कारण मंडया सुरू झाल्या की मंडळाच्या चिटणिसाला बसून बोलायला उसंत नसते.